आप्पांचा लखोटा

रात्री पावणेतीनला आप्पांचा श्वास थांबला. मी उठून आधी पंखा बंद केला. त्यांच्या पापण्या मिटवल्या, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली आणि कापसाच्या दोन घड्या पाण्यात पिळून डोळ्यांवर ठेवल्या. एप्रिल महिना, बेळगावजवळच्या खानापुरातला उकाडा. पंखा बंद झाल्यावर घर एकदम गप्प झालं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, देवाजवळचं तांब्याभांडं घेऊन आली, चमच्यानं त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं आणि तुळशीचं पान ठेवलं. आप्पांचा या कशावरच विश्वास नव्हता. तरी मी तिला थांबवलं नाही. थांबवावं असं मनातही आलं नाही.

माणूस गेल्यावर डोळे काढायला सहा तासांच्या आत यावं लागतं. पंख्याच्या वाऱ्यानं बुबुळावरचा पडदा सुकतो, म्हणून पंखा बंद करायचा. डोकं उंच ठेवलं की डोळे काढताना रक्त कमी येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, साखरेचा आजार असला, तरी डोळे देता येतात. आप्पांना यातलं सगळंच होतं. ही माहिती त्यांनीच मला पाठ करून घेतली होती, लहानपणी पाढे घ्यायचे तशी.

ट्रंकेत, धोतरांच्या खाली, एक खाकी लखोटा होता. वर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मी गेल्यावर लगेच'. आत देहदानाच्या फॉर्मची झेरॉक्स, नेत्रपेढीचे दोन फोन नंबर, तीन हजार रुपयांची पुडी आणि वहीचं एक पान. पुडीवर लिहिलं होतं, 'गाडीभाडं'. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली गेले, तेव्हा स्वतःच्या दहनासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे त्यांच्या उशाशी सापडले, ही गोष्ट आप्पा आम्हाला कितीदा सांगायचे. आपल्या मरणाचा खर्च दुसऱ्यावर पडू नये, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं होतं. पुडी बघितली आणि त्या रात्री मला पहिल्यांदा रडू आलं.

आप्पा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते. चौतीस वर्षं. शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून आणि 'साधना'च्या अंकांतून. त्यांचा देवावरचा विश्वास कुठल्या पुस्तकानं गेला नव्हता. कारखान्यातल्या एका माणसाच्या पोराला साप चावला आणि पोराला आधी उतारा टाकणाऱ्याकडे नेलं. दोन तास तिथंच गेले. आप्पा सायकल मारत पोचले तेव्हा पोराची जीभ जड झाली होती. तालुक्याच्या दवाखान्यात औषध होतं, पण तिथं पोचायला उशीर झाला. त्यानंतर आप्पांनी गंडेदोऱ्यांवर बोलायला सुरुवात केली. देव आहे का नाही, या वादात मात्र ते कधी पडले नाहीत. कुणी फारच छेडलं तर म्हणायचे, "ते राहू दे. पोराला कुठं न्यायचं ते सांग आधी."

मानवतावाद हा शब्द त्यांना पुष्कळ उशिरा भेटला. भारतात हा विचार मांडणारे मानवेंद्रनाथ रॉय, न्यायमूर्ती तारकुंडे यांच्याबद्दल वाचताना. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे शास्त्र कोळून प्यालेले, तेही रॉय यांच्या बाजूला आले, याचं त्यांना फार अप्रूप होतं. १९५२ साली ॲमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावाद्यांची संघटना स्थापन झाली. दुसऱ्याचं दुःख कळणं आणि त्याची काळजी वाटणं यातूनच नीती येते, तिला बाहेरच्या कुणाच्या हुकमाची गरज नाही, असं ते लोक मानतात. आप्पांनी हे वाचलं आणि दोन दिवस घरात येईल त्याला सांगितलं. आपल्याला जे वाटतं त्याला नाव आहे आणि ते मानणारी माणसं जगभर आहेत, याचा तो आनंद होता.

देहदानाचा फॉर्म भरला तो २०१५च्या सप्टेंबरात. त्या वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांना गोळ्या घातल्या. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड शरणांच्या वचन साहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारलं. दोन वर्षांआधी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना असंच मारलं होतं. कोल्हापूर एका बाजूला, धारवाड दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आम्ही. आप्पा चार दिवस नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "बेळगावला जाऊन येऊ. फॉर्म आणू." मोर्चा, निषेध, काही नाही. मला तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कळला नव्हता. आता वाटतं, आपण जे बोलतो ते शेवटपर्यंत करून दाखवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि तेच त्यांनी केलं.

बेळगावला देहदान नवीन नाही. २०१० साली तिथल्या एका आयुर्वेद महाविद्यालयातल्या शरीररचनेच्या डॉक्टरांनी आपल्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन स्वतःच्या हातांनी, विद्यार्थ्यांसमोर केलं होतं. वडिलांचीच तशी इच्छा होती. पेपरातलं ते कात्रण आप्पांच्या पाकिटात घडी पडून पडून फाटलं होतं.

फॉर्म कानडीत होता, मागच्या बाजूला इंग्रजी. सीमाभागातल्या मराठी माणसाला कानडी फॉर्म समोर आला की आधी कपाळाला आठी पडते, त्याला कारणंही आहेत आणि ती मला मान्य आहेत. पण त्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी एकेक ओळ मराठीत सांगितली, "हितं सही, हितं साक्षीदार, हितं घरच्यांची संमती." शेवटी अंगठाही लागला. आप्पांचा अंगठा शाईत बुडवून टेकवला तर नुसता काळा गोळा उमटला. भट्टीतली गरम कौलं उचलून उचलून रेषाच राहिल्या नव्हत्या. बाईंनी तीनदा प्रयत्न केला, मग आप्पांचा हात आपल्या हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, "असू दे. सही आहे नव्हं."

घरच्यांची संमती ही ओळ दिसते तेवढी सोपी नव्हती. माणसानं जिवंतपणी कितीही सह्या केल्या, तरी तो गेल्यावर देह घरच्यांच्या ताब्यात असतो. त्यांनी फोनच केला नाही तर फॉर्म नुसता कागद. म्हणून आप्पांनी आईची सही मागितली. आई विठ्ठलाची. एकादशी चुकवत नाही. बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात ६ डिसेंबरला लोक अंधश्रद्धेविरुद्ध जमतात, तिथंच जेवतात, रात्र काढतात. आप्पा एका वर्षी तिथं जाऊन आले, तर आईनं त्यांना बाहेरच्या चुलीवर पाणी तापवून अंगणातच आंघोळ करायला लावली होती आणि तेही मुकाट न्हाले होते. तिनं तो फॉर्म आठ दिवस देवघरात ठेवला. नवव्या दिवशी सही केली. म्हणाली, "देह तुमचा. मला विचारलंत, हे बरं केलंत." दादानं मात्र सही करायला पुढचा दिवाळसण येऊ दिला.

तर त्या रात्री. नेत्रपेढीला फोन लावला, लगेच उचलला. बेळगावहून दोन मुलं गाडी घेऊन निघाली आणि साडेचारला दारात आली. फार तर पंचवीस वर्षांची. चपला बाहेर काढून आत आली, आधी आईला नमस्कार केला. पडदा ओढून वीसेक मिनिटांत काम झालं. तपासणीसाठी थोडं रक्तही घेतलं. पडदा सरकवला तेव्हा आप्पांचा चेहरा होता तसाच होता, पापण्या मिटलेल्या, झोपल्यासारखा. आईला त्याचीच भीती होती. ती जवळ गेली, वाकून बघितलं आणि पदरानं त्यांच्या गालावरचा पाण्याचा ओघळ टिपला.

देहाचं मात्र अडलं. रविवार उजाडत होता. फॉर्म दिलेल्या ठिकाणी फोन वाजत राहिला. सातव्या-आठव्या वेळी कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "सोमवारी आणा." उन्हाळ्यात, घरात, सोमवारपर्यंत? मी त्या माणसावर ओरडले, त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण तो शब्द ऐकून माझे हातपाय गळाले होते. दादा म्हणाला, "आता दहन करू. आप्पांनी प्रयत्न केला, आपण केला." त्याचं चुकत नव्हतं. पण नेत्रपेढीच्या मुलांपैकी एकजण अजून गाडीपाशीच होता. त्यानं दुसऱ्या महाविद्यालयात ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि आमचं काम झालं. ते म्हणाले, आणा, फक्त डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला मूळ प्रत हवी, पोस्टमॉर्टम झालेलं नको, अंगाला शय्याव्रण, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमा, नकोत. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा फॉर्म भरलेला असेल, तर एवढं करा: दोन ठिकाणचे नंबर ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी कोण देह घेतं, हे आजच विचारून ठेवा.

दाखल्यासाठी आप्पांवर उपचार करणारे डॉक्टर पहाटे सहाला लुंगीवर आले, तपासलं, वेळ आणि कारण लिहून सही-शिक्का दिला. परत निघताना पायरीवर क्षणभर बसले.

तोवर गल्ली जागी झाली होती. कुणी न सांगता बांबू आले, सुंभ आलं, मडकं आलं. ही माणसं आप्पांशी आयुष्यभर वाद घालत आलेली, आणि आता हातात बांबू घेऊन गप्प उभी. त्यांना काय सांगू? तुमची गरज नाही, असं? माणसावर माया करायची त्यांची हीच रीत होती. मी म्हटलं, तिरडी बांधा. गाडी मोठ्या रस्त्यावर उभी करू, घरापासून तिथपर्यंत खांद्यावरून न्या. पेटवलेलं मडकं तेवढं नको. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनी टाळ आणले होते. आईकडे बघितलं, तिनं मान हलवली, त्यांनी एक अभंग म्हटला. तीनशे पावलं असतील. प्रत्येकानं खांदा दिला. शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्यानंही दिला. त्यानं आमच्या घरच्या गाद्या पिंजल्या होत्या.

पण त्याआधी घरात जे झालं, ते मला नीट सांगायचं आहे.

आत्या नंदगडहून सकाळी सातच्या वडापच्या जीपनं आली. आप्पांची धाकटी बहीण. दारातच हंबरडा फोडला. मग तिला कळलं, दहन नाही. "हे काय चालवलंयसा गं? माझ्या भावाला आग द्यायची न्हाई म्हणजे काय? त्येचा आत्मा भटकायचा की!" तिला उत्तर द्यायची ताकद माझ्यात नव्हती. मी तिला धरून बसले. थोड्या वेळानं तिचं रडं ओसरलं आणि ती आईकडे वळली. दोन-तीन बायका तिच्या मागे. एकीच्या हातात दगडी वरवंटा होता. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची. ती वेळ झाली होती. आई पाटावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर, हिरव्या काचेच्या बांगड्या. ती कुणाकडेच बघत नव्हती.

तेव्हा मी लखोट्यातलं वहीचं पान मोठ्यानं वाचलं. सहा ओळी होत्या. पाच देहाबद्दल. सहावी वेगळ्या शाईत, मागाहून लिहिलेली: 'माझ्यासाठी तिच्या कपाळाला आणि हाताला कुणी हात लावायचा नाही. काय ठेवायचं, काय काढायचं, ते ती ठरवील.' ही ओळ कधीची ते मला कळलं. ४ मे २०२२ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी यांना हात लावायचा नाही, असा. हेरवाड आमच्या सीमेला लागूनच. आप्पांनी ती बातमी तिघांना वाचून दाखवली होती. आईलाही.

वरवंटा हातात असलेली बाई मागे सरली. आत्या म्हणाली, "वैनी, तुम्ही सांगा." आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कुंकू राहू दे. बांगड्या मी संध्याकाळी काढीन. माझ्या मी. फोडायच्या न्हाईत."

मला वाटलं होतं, ती सगळंच ठेवील. मला तसं हवं होतं, खरं सांगायचं तर. एक क्षण वाईटही वाटलं, आप्पांनी एवढं लिहून ठेवूनही. पण लिहिलं होतं तेही हेच, की ठरवायचं तिनं. संध्याकाळी तिनं एकेक बांगडी साबणाच्या पाण्यानं ओली करून काढली आणि फडक्यात गुंडाळून माझ्याजवळ दिली. बारा होत्या. मी त्या घालते.

गाडी मच्छे, पिरनवाडी, उद्यमबागवरून बेळगावात शिरली तेव्हा अकरा वाजले होते. शरीररचना विभागाच्या दारात फॉर्मॉलिनचा वास डोळ्यांत गेला. कागद तपासले, वजन-उंची लिहिली, हाताला नंबरची पट्टी बांधली. सुट्टीवरून मुद्दाम आलेल्या मॅडमनी मला बाजूला बसवून सगळं सांगितलं: मांडीतल्या धमनीतून औषध भरतात, मग काही महिने ठेवतात, मग पहिल्या वर्षाची मुलं शिकतात. पहिल्या दिवशी ती मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात, याचा मान राखू म्हणून. शेवटी जे उरतं त्याचं दहन तिथलीच माणसं करतात. मी विचारलं, मुलांना नाव सांगता का? नाही, नंबरच असतो. तिथला कानडी शिपाई ट्रॉली ओढायला आला. त्यानं आधी आप्पांच्या पायांना हात लावला, मग मला म्हणाला, "अक्का, नीव होगी. जा आता. आम्ही बघतो." ट्रॉली आत गेली आणि दार आपसूक मिटलं. रिकाम्या हातांनी परत येणं म्हणजे काय, ते मला त्या दारासमोर समजलं. धर्म अशा वेळी माणसाच्या हाताला काम देतो. लाकडं रचा, पाणी सोडा, तिसऱ्या दिवशी राख गोळा करा. आमच्याकडे करायला काही उरलं नव्हतं, आणि ते फार जड जात होतं.

घरी आईनं एकच गोष्ट मागितली. आप्पांचं डोकं होतं त्या जागी दहा दिवस दिवा. दादा म्हणाला, "आप्पांना पटलं नसतं." त्यावरून आमचं थोडं वाजलं. आप्पांना आता काही पटायचं नाही, दिवा आईसाठी आहे, असं मी म्हटलं आणि तेल आणायला गेले. रात्री तेल घालायची पाळी आम्ही वाटून घेतली. तिसऱ्या रात्री दोनला उठले तर दादा आधीच दिव्यापाशी बसला होता, वात पुढे सारत.

दहाव्याला पिंड नव्हता. बाराव्याचं जेवणही नाही. त्या पैशांत आप्पांच्या जुन्या वाचनालयाला पुस्तकांचं कपाट दिलं आणि कारखान्यातल्या हयात सोबत्यांना घरी बोलावून आमटी-भात घातला. ते आठजण आले. भट्टीवरच्या गोष्टी सांगत संध्याकाळपर्यंत बसले. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. खिडकीतल्या कारकुनानं स्मशानाची पावती मागितली. मी महाविद्यालयाचं पत्र पुढे केलं. त्यानं ते दोनदा वाचलं, आत जाऊन विचारून आला आणि नोंद करून घेतली. महिन्याभरानं नेत्रपेढीचं पत्र आलं. आप्पांचे पडदे दोन माणसांना बसवले, नावं गुप्त. आईनं ते पत्र देवघरात ठेवलं, फॉर्म ठेवला होता त्याच जागी.

मागच्या आषाढीला मी तिला विचारलं, तुझं काय करायचं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला आग दे. मलप्रभेत सोड. दहावा, बारावा, सगळं कर. तुला पटत न्हाई म्हणून टाळू नकोस." मी नवा खाकी लखोटा आणला आणि तिच्यासमोर बसून लिहायला घेतलं. लाकडं, डालडा नको तूप, भटजी कोणते, जेवायला कुणाला बोलवायचं, आत्याला साडी. एका जागी ती थांबली. सुपातला हात तसाच राहिला.

"पिंडाला कावळा शिवला न्हाई तर गं?"

मी लिहिलं: कावळा शिवेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागला तरी. खाली माझी सही केली आणि कागद तिला वाचून दाखवला.